अट १४ आणि भुरी: भाड्याच्या घरातल्या कुत्रीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातलं, सिंहगड रोडच्या बाजूचं, २०२४-२५ मधलं. नावं बदलली आहेत, बिल्डिंग ओळखू येईल असं काही ठेवलं नाहीये, बाकी जसं घडलं तसं सांगते. भाडेकरू आणि मालक दोघांनीही लिहायला हो म्हटलंय.

मी नोकरी सांभाळून रस्त्यावरच्या कुत्र्यांना घरं शोधून देते, आणि ही कुत्री माझ्याच हातून त्या घरात गेली होती, म्हणून हे माझ्यासाठी लांबून बघायचं प्रकरण कधीच नव्हतं.

अमृता आणि निखिल, दोघंही नोकरी करणारे, लग्नाला तीन वर्षं. १ जून २०२४ पासून एका ४८ फ्लॅटच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके भाड्याने घेतला. भाडं २१,००० आणि डिपॉझिट ६०,०००. मालक म्हणजे बँकेतून रिटायर झालेले काका, स्वतः कोथरूडला राहतात, हा फ्लॅट मुलासाठी घेतलेला पण मुलगा बाहेरगावी. लीव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं, म्हणजे ३० एप्रिल २०२५ ला संपणारं, ऑनलाइन रजिस्टर केलेलं, एजंट बायोमेट्रिक मशीन घेऊन घरीच आला होता आणि वीस मिनिटांत अंगठे लावून गेला. त्या वीस मिनिटांत ॲग्रीमेंट कोणीच पूर्ण वाचलं नाही, ना यांनी ना काकांनी.

घर बघायला गेले तेव्हा अमृताने काकांना सरळ विचारलं होतं, की काका आम्हाला पुढेमागे कुत्रा पाळायचाय, चालेल ना? काका म्हणाले, "चालेल की, आमच्याकडेही होता बारा वर्षं, फक्त घाण नको." हे वाक्य काकांनाही आठवतं, त्यांनी नंतर कधीच नाकारलं नाही, हे त्यांच्याबद्दल मुद्दाम सांगायला हवं. पण ॲग्रीमेंटमध्ये अट १४ होती, एजंटच्या ठरलेल्या मसुद्यातली: लायसन्सी (म्हणजे भाडेकरू) सदर जागेत कोणतेही पाळीव प्राणी ठेवणार नाही व सोसायटीच्या नियमांचे पालन करेल. काकांनी ती घालायला सांगितली नव्हती, ती त्या एजंटच्या प्रत्येकच कराराला असते.

ऑगस्टमध्ये भुरी आली. साधारण दीड वर्षाची देशी मादी, बांधकामाच्या साइटवर वाढलेली, काम संपल्यावर वॉचमनचं कुटुंब गावी गेलं आणि ही मागे राहिली. नसबंदी झालेली, रेबीजची लस दिलेली. मी घरी जाऊन बघून आले, बाल्कनीला जाळी आहे का, दिवसभर कोण असतं, शहराबाहेर गेले तर कोण बघणार, सगळं विचारलं. घर भाड्याचं आहे हे मला माहीत होतं. "मालकांना चालतंय" एवढं उत्तर ऐकून मी पुढे गेले, ॲग्रीमेंट बघितलं नाही. ही माझी चूक आणि ती या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

वाद कसा पेटला

सप्टेंबर ठीक गेला. ऑक्टोबरमध्ये अमृताचं ऑफिस आठवड्यातून चार दिवस सुरू झालं, तोपर्यंत ती घरूनच काम करायची, आणि भुरी पहिल्यांदाच सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एकटी राहायला लागली. ती भुंकायची. खालच्या, दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, एकट्याच, सत्तरीच्या पुढच्या, त्यांना काही वर्षांपूर्वी मॉर्निंग वॉकला कुत्रा चावला होता आणि त्या इंजेक्शनांची आठवण अजून आहे. त्यांची तक्रार दोन गोष्टींची होती, दुपारचं भुंकणं आणि रात्री डोक्यावर नखांची टकटक. त्यांनी आधी वर येऊन सांगितलं. अमृताने सॉरी म्हटलं, बघतो म्हटलं, आणि दिवाळीच्या गडबडीत ते तसंच राहिलं. माझ्या मते हा वाद सगळ्यात स्वस्तात सुटला असता तो दिवस हाच होता. आजी तेव्हा भांडायला आल्याच नव्हत्या, झोप होत नाही एवढंच सांगायला आल्या होत्या.

मग आजी कमिटीकडे गेल्या. कमिटीने भाडेकरूंशी न बोलता थेट मालकांना पत्र दिलं, की सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भाडेकरूंनी प्राणी पाळू नयेत असा ठराव झालेला आहे, कुत्रा काढा, तोपर्यंत महिना ५०० रुपये दंड मेंटेनन्सच्या बिलात लागेल आणि कुत्र्याला लिफ्ट बंद. सेक्रेटरी काकांना दर दोन दिवसांनी फोन करत होते. हे फोन अमृता-निखिलला माहीतच नव्हते, त्यांना फक्त २ नोव्हेंबरला काकांचा व्हॉट्सॲप आला: सात दिवसांत कुत्र्याची दुसरीकडे सोय करा, नाहीतर घर सोडावं लागेल.

पुढचं पाऊल चुकीचं पडलं. निखिलने रात्री पावणेबाराला इंटरनेटवर शोधून भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक काढलं, त्याची पीडीएफ काकांना पाठवली आणि खाली लिहिलं, की तुम्ही जे सांगताय ते बेकायदेशीर आहे, आम्ही तक्रार करू शकतो. सकाळी काकांनी ती पीडीएफ त्यांच्या ओळखीच्या वकिलांना पाठवली. वकिलांनी ॲग्रीमेंट उघडलं आणि अट १४ दाखवली. तोपर्यंत काकांनाही ती अट माहीत नव्हती! १४ नोव्हेंबरला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस आली, अटीचा भंग झाल्यामुळे ३० दिवसांत जागा रिकामी करा.

निखिलचा फोन मला त्या संध्याकाळी आला. तो मला आधी परिपत्रकच वाचून दाखवत होता.

कागद काय म्हणत होते

आम्ही तिघं त्यांच्या किचनच्या टेबलावर ॲग्रीमेंटची प्रिंट घेऊन बसलो, भुरी खाली पायाशी. माझ्या ओळखीच्या एक वकीलताई आहेत, त्यांना फोनवर घेतलं. त्या तासाभरात जे कळलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक भाडेकरूंचा गोंधळ इथेच होतो.

मंडळाचं २६ फेब्रुवारी २०१५ चं ते परिपत्रक खरं आहे आणि कामाचंही आहे. मंडळ हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचं केंद्राचं वैधानिक मंडळ. परिपत्रक सांगतं की सोसायटी किंवा अपार्टमेंट असोसिएशनला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, सगळ्यांनी एकमताने ठराव केला तरी नाही, भुंकतो म्हणून बंदी नाही, लिफ्ट बंद करायची नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. पाळणाऱ्याने महापालिकेचे नियम पाळावेत, लसीकरण ठेवावं, सार्वजनिक जागेत दोरी लावावी, घाण उचलावी असंही त्यात आहे. पण ते सगळं सोसायटीला उद्देशून आहे. मालक आणि भाडेकरू यांनी आपसात सही करून जे कबूल केलंय, त्यावर ते परिपत्रक येऊन बसत नाही. अमृता-निखिलने सही केली होती की प्राणी ठेवणार नाही. म्हणजे हे एक भांडण नव्हतंच, दोन होती. सोसायटीशी असलेल्या भांडणात त्यांची बाजू भक्कम होती, मालकांशी असलेल्या भांडणात लंगडी होती, आणि निखिलने भक्कम बाजूचा कागद लंगड्या बाजूला वापरला होता.

काकांनी तोंडी हो म्हटलं होतं त्याचं काय, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २४ लीव्ह अँड लायसन्सबद्दल आहे, त्याच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की लायसन्सचा लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा समजला जाईल. कागदावर प्राणी नाहीत म्हणजे नाहीत. गंमत अशी की याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते, आणि मालकाने रजिस्टर केला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. म्हणजे काकांनी आळस केला असता, नुसतं नोटरीवर भागवलं असतं, तर त्यांचं ते "चालेल की" जास्त वजनदार ठरलं असतं. त्यांनी नियमाने रजिस्टर केलं आणि म्हणून ते वाक्य हलकं झालं.

अमृता-निखिलच्या बाजूने काय होतं? सात दिवसांत निघा हे चालणारं नव्हतं, ॲग्रीमेंटमध्येच एक महिन्याची लेखी नोटीस होती. आणि नोटिशीची मुदत संपली म्हणून कुणी कुलूप बदलू शकत नाही किंवा सामान बाहेर काढू शकत नाही, रीतसर सक्षम अधिकाऱ्याकडे किंवा कोर्टात जावं लागतं. तसंच १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, म्हणजे इझमेंट्स ॲक्टमध्ये, कलम ६४ आहे, पैसे देऊन जागा वापरायचं लायसन्स घेतलंय आणि स्वतःची काही चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढलं तर भरपाई मागता येते. स्वतःची चूक नसताना, हे शब्द वाचल्यावर अमृता गप्प झाली, कारण चूक होती. वकीलताईंनी अजून एक सांगितलं, की करार संपल्यावरही घर सोडलं नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते, त्यामुळे एप्रिलनंतर अडून बसायचा विचार डोक्यातून काढा.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, भुरीला परत देणं. मी तो टेबलावर ठेवला, कारण ठेवायलाच हवा होता, मी तिला परत घ्यायला बांधील आहे. माझ्याकडे तेव्हा फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरतं ठेवायला, जागा नव्हती, बोर्डिंगमध्ये ठेवावं लागलं असतं. आणि ती एकदा मागे राहिलेली कुत्री आहे, गाडीचा दरवाजा बंद व्हायचा आवाज आला तरी दोन्ही कान मागे जातात तिचे. अमृता म्हणाली, "हा पर्याय लिहू नका." मी लिहिला तरी, पण त्या दिवशीच्या यादीत शेवटी.

दुसरा, लढणं. नोटिशीला वकिलामार्फत उत्तर द्यायचं आणि बसायचं, प्रकरण कोर्टात जाईपर्यंत एप्रिल येईलच. हे होण्यासारखं होतं, आणि निखिलचं मन तिकडे होतं. माझा याला विरोध होता. कायदा मला नको होता असं नाही. पण पाच महिने मालकांशी वैर, सोसायटीशी वैर, खाली आजी, आणि ६०,००० डिपॉझिट काकांच्या खात्यात. डिपॉझिट परत मिळवायला दिवाणी दावा लावायचा म्हणजे त्या रकमेसाठी किती वर्षं घालवायची याचा हिशोब आधी करायला हवा.

तिसरा, लगेच घर बदलणं. नवीन घराची दलाली एक महिन्याचं भाडं, पॅकर्सचे नऊ-दहा हजार, नवीन डिपॉझिट, आणि लॉक-इन पिरियड, म्हणजे ज्याआधी घर सोडलं तर दंड लागतो ती मुदत, नोव्हेंबरअखेर संपत होता त्यामुळे त्याचा दंड नव्हता. आकड्यांत बघितलं तर साधारण तीस-पस्तीस हजार पाण्यात. शिवाय कुत्रा घेऊन घर शोधायला किती वेळ लागतो हे मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं.

चौथा, बोलून एप्रिलपर्यंतची मुदत लेखी घेणं आणि तेवढ्या वेळात शांतपणे दुसरं घर बघणं. यात हरल्यासारखं वाटतं, निखिल तसं म्हणालाही, की म्हणजे आपण जायचंच. मी त्याला विचारलं की तुला हे घर हवंय की भुरीसकट राहायला घर हवंय? तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला ठीक आहे, बोलू.

काय केलं

क्रम महत्त्वाचा होता, म्हणून तो आधी ठरवला. आधी भुंकणं, मग कुत्रा पाळायचं महापालिकेचं लायसन्स, मग सोसायटी, आणि काका शेवटी. काकांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही हे ठरलं.

भुंकणं. जुना फोन घरात रेकॉर्डिंगला लावून गेले. आजी म्हणत होत्या दिवसभर भुंकते, यांना वाटत होतं पाच मिनिटं. दोघंही बरोबर नव्हते. दोघं बाहेर पडल्यावर सलग पंचवीस-तीस मिनिटं, मग शांत, मग गेटजवळ डिलिव्हरीवाले आले की प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं. हे ऐकल्यावर उपाय सुचायला लागले. हॉलची बाल्कनी गेटवर होती, तिचा दरवाजा आणि पडदा बंद ठेवून भुरीची जागा मागच्या बेडरूममध्ये केली. बाहेर पडायची सवय तुकड्यातुकड्यात, चप्पल घालून परत बसायचं, दार उघडून बंद करायचं, दोन मिनिटं जिन्यात उभं राहून परत यायचं, मग पाच, मग पंधरा. निघताना दही गोठवलेली चाटायची मॅट. दुपारी बाराला एक कॉलेजचा मुलगा फिरवायला, महिना ३,००० रुपये. आणि नखांच्या टकटकीसाठी पॅसेजमध्ये आणि बेडरूममध्ये रबरी पाठीच्या सतरंज्या टाकल्या, नखं कापली. तीन आठवड्यांत पंचवीस मिनिटांची सहा-सात झाली. पूर्ण थांबलं नाही, थांबतही नाही, कुत्रा आहे तो.

मग अमृता आजींकडे गेली, रेकॉर्डिंग घेऊन, आणि तिने आजींना सांगितलं की तुमचं बरोबर होतं, आम्हाला खरंच माहीत नव्हतं. स्वतःचा नंबर दिला, भुंकली की मला मेसेज करा, कमिटीकडे जायच्या आधी. आजी म्हणाल्या, "अगं, मला कुत्र्याचा राग नाही, मला भीती वाटते, लिफ्टचं दार उघडलं आणि आत ती असली की." म्हणून ठरलं, आजी सकाळी सात ते साडेसात फिरायला जातात, त्या वेळात भुरीला लिफ्टने न्यायचं नाही. परिपत्रकाप्रमाणे लिफ्टचा हक्क होता, पूर्ण होता. त्या अर्ध्या तासाचा हक्क यांनी आजींसाठी सोडला आणि मला ते फार योग्य वाटतं.

महापालिकेचं कुत्रा पाळायचं लायसन्स यांनी काढलंच नव्हतं. पुण्यात ते लागतं, रेबीज लसीचं सर्टिफिकेट जोडून, आणि दर वर्षी नवं करावं लागतं. आपणच नियम पाळलेला नसताना सोसायटीला नियम दाखवायला जाणं बरोबर नव्हतं, आणि कमिटीने पहिला प्रश्न तोच केला असता. ते काढलं, मगच पत्र.

सोसायटीला पत्र नोव्हेंबरच्या शेवटी दिलं, पोच घेऊन. दीड पानाचं. पहिल्या परिच्छेदात तक्रार मान्य आणि काय उपाय केले ते, दुसऱ्यात परिपत्रकाचा उल्लेख आणि ठरावाने बंदी घालता येत नाही हे, तिसऱ्यात दंडाची मागणी कशाच्या आधारावर आहे हे लेखी कळवा. सोबत परिपत्रक, लायसन्स, लसीचं सर्टिफिकेट. सोसायटी भाडेकरू असलेल्या फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावू शकते, २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, तो काका भरतच होते. कुत्र्याचा म्हणून वेगळा दंड त्यावर लावायला आधार नव्हता. पत्राची भाषा मी तीनदा मवाळ केली, निखिलने प्रत्येक वेळी एक वाक्य कडक केलं, शेवटी अमृताचा मसुदा गेला.

कमिटीने लेखी उत्तर कधीच दिलं नाही. पण डिसेंबरच्या बिलात दंड लागला नाही आणि सेक्रेटरींचे काकांना जाणारे फोन थांबले. काकांसाठी तो फोन थांबणं हेच सगळ्यात मोठं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दोघं कोथरूडला गेले, काकांना आधी फोन करून, भुरीला न घेता. मीही गेले. निखिलने आत गेल्या गेल्या त्या रात्रीच्या मेसेजबद्दल माफी मागितली. काका म्हणाले, "अहो, मी चाळीस वर्षं नोकरी केली, मला कोणी बेकायदेशीर म्हटलं नव्हतं." ते त्यांना कुत्र्यापेक्षा जास्त लागलं होतं. काकूंनी चहा आणला आणि मग काकांनी त्यांच्या तीन काळज्या सांगितल्या. सोसायटी आपल्या नावावर काही चढवेल का, सागवानी मुख्य दरवाजा जो त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतला होता तो खराब होईल का, आणि पुढे मुलाला घर विकायचं झालं तर वास, पिसवा वगैरे. तिन्ही गोष्टींना उत्तर देता येण्यासारखं होतं, आणि एकही कायद्याची नव्हती.

ठरलं ते असं. भुरीला ३० एप्रिलपर्यंत परवानगी, वकिलांची नोटीस मागे. डिपॉझिट १०,००० ने वाढवायचं. दरवाजाला आतून पारदर्शक शीट. निघताना पेस्ट कंट्रोल भाडेकरूंच्या खर्चाने. सोसायटीने कुत्र्यापायी काही दंड लावलाच तर तो भाडेकरू भरतील आणि त्याबद्दल भांडायचं ते भाडेकरू भांडतील. नवीन करार होईलच असं नाही, ते काकांनी मोकळेपणाने सांगितलं.

हे पुरवणी करारपत्र म्हणून लिहिलं. १०० च्या स्टॅम्पवर करू असं निखिलच्या डोक्यात होतं, पण ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात किमान ५०० चा स्टॅम्प लागतो, तो घेतला, दोन साक्षीदार, आणि स्कॅन करून दोन्ही बाजूंनी एकमेकांना ईमेल. रजिस्टर मात्र केलं नाही. वकीलताई म्हणत होत्या करा, मूळ करार रजिस्टर्ड आहे तर त्यात बदल करणारा कागदही रजिस्टर्ड असावा, महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,००० रुपये आहे. काकांना परत अंगठे द्यायचा कंटाळा आला आणि आम्ही जास्त ताणलं नाही, नुकतंच गोड झालं होतं. तो कागद कधी वापरायची वेळ आली नाही म्हणून निभावलं.

शेवट काय झाला

एप्रिलपर्यंत तिघं तिथेच राहिले. फेब्रुवारीत एकदा आजींचा मेसेज आला, दुपारी फार भुंकतेय, निखिल अर्धा दिवस टाकून घरी आला तर गॅलरीत कबूतर अडकलं होतं. तेवढंच.

काकांनी करार वाढवला नाही. त्यांच्या मुलाचं म्हणणं पडलं की नको, आणि काकांनी तसं मार्चच्या सुरुवातीलाच सांगितलं, हे चांगलं केलं. नवीन घर शोधताना अमृताने एका वहीत लिहून ठेवलं होतं: १९ ठिकाणी फोन, त्यातल्या ११ ठिकाणी कुत्रा म्हटल्यावर फोनवरच नाही. उरलेल्यांपैकी तीन ठिकाणी मालक तयार पण सोसायटी नको म्हणते म्हणून नाही. शेवटी धायरीकडे एका छोट्या बिल्डिंगमध्ये घर मिळालं, भाडं १,५०० ने जास्त, ऑफिस चार किलोमीटर लांब.

डिपॉझिटचे ७०,००० होते, त्यातून ६,५०० मुख्य दरवाजाच्या पॉलिशचे कापले. शीट आतून होती, भुरीने दरवाजाच्या चौकटीला ओरखडे काढले होते. निखिलचं म्हणणं की चौकटीला आधीपासून दोन खुणा होत्या. असतीलही. घर ताब्यात घेताना कोणी फोटो काढले नव्हते, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. बाकीचे ६३,५०० काकांनी चावी दिल्याच्या तिसऱ्या दिवशी ट्रान्सफर केले.

काय वेगळं करता आलं असतं

सही करायच्या आधी अट १४ वाचली असती तर काकांनी ती तिथल्या तिथे काढली असती. त्यांना ती नकोच होती. एजंट वीस मिनिटांत जातो म्हणून आपणही वीस मिनिटांत सही करायची नसते, मसुदा आदल्या दिवशी मागता येतो, मराठीत नसेल तर कोणाकडून तरी समजून घेता येतो. आणि "प्राणी चालतील" एवढं लिहूनही पुरत नाही, किती, कोणता, नुकसान झालं तर काय, हे लिहिलं की मालकही निर्धास्त होतो.

आजी पहिल्यांदा वर आल्या त्या दिवशी फोन रेकॉर्डिंगला लावायला हवा होता. पुढचे दोन महिने, वकिलाची नोटीस, दहा हजारांचं जास्तीचं डिपॉझिट, सगळं त्या एका दिवसाने वाचलं असतं असं मला वाटतं. निखिलला तसं वाटत नाही, त्याच्या मते कमिटीला भाडेकरूच नको होते आणि कुत्रा निमित्त होता. त्यात तथ्य असेल, कारण ठराव फक्त भाडेकरूंपुरता होता, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दोन घरांत कुत्री होती आणि त्यांना कधी पत्र गेलं नाही. हा मुद्दा पत्रात घालायचा राहून गेला, आणि तो घालायला हवा होता.

रात्रीचा मेसेज. कायद्याचा कागद हातात आला की तो लगेच पाठवावासा वाटतो, मला हे कळतं, मीही आधी असं केलंय. पण मालक त्या क्षणी घाबरलेला होता, सोसायटीला घाबरलेला, आणि त्याला विचारायला हवं होतं की काका तुम्हाला कोणाचा फोन आला? आपण एकत्र उत्तर देऊ का? सोसायटीच्या पत्राविरुद्ध काका आणि भाडेकरू एका बाजूला असू शकले असते, परिपत्रक काकांच्याही फायद्याचंच होतं.

पुरवणी करार रजिस्टर करायला हवा होता, याबद्दल माझं मत बदललेलं नाही. १,००० रुपये आणि अर्धा तास.

आणि माझ्याकडून, आता अडॉप्शनच्या फॉर्मवर घर भाड्याचं असेल तर ॲग्रीमेंटचं प्राण्यांबद्दलच्या अटीचं पान फोटो काढून मागते. अट विरोधात असेल तर मालकांची लेखी परवानगी आल्याशिवाय कुत्रा किंवा मांजर देत नाही. यामुळे काही चांगली घरं हातची गेली, आणि एक पिल्लू त्या वाट बघण्यात पाच आठवडे जास्त फॉस्टरमध्ये राहिलं, त्याचं वाईट वाटतं. तरी नियम ठेवलाय.

सोसायटीचा तो ठराव कोणी रद्द केलेला नाही, मिनिट बुकात तसाच आहे. त्याच बिल्डिंगमध्ये बी विंगला भाड्याने राहणाऱ्या एका मुलीने मागच्या महिन्यात मांजर घेण्यासाठी फॉर्म भरला. तिने पान पाठवलंय, एजंट तोच, अट १४ शब्द न शब्द तशीच. तिच्या मालकीणबाईंना भेटायला आम्ही दोघी रविवारी जाणार आहोत, अमृताही येते म्हणाली.